बिनचेहऱ्याच्या चित्रांची भानगड



एप्रिलात पंधरा दिवस गावी होतो. रजेवर होतो असं म्हणत नाही, कारण गोदीत ठेक्यावर राबणाऱ्याला रजा नसते, खाडे असतात. पंधरा खाडे पाडून गेलो. गाव मेहकर तालुक्यातलं, जिल्हा बुलढाणा. तालुक्याच्या ठिकाणी एका विहाराला लागून पत्र्याचा हॉल आहे. लग्नं, वर्षावासाची प्रवचनं, पोरांची अभ्यासिका, सगळं तिथंच चालतं. चौदा एप्रिलच्या आठवड्यात चौघांनी त्या हॉलात आपली चित्रं लावली. एक दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फळ्या रंगवणारा. एक चित्रकलेचा डिप्लोमा अर्धवट सोडून आलेला, फी भरायची राहिली म्हणून. एक पोरगी, डी.एड. होऊन घरी बसलेली. आणि एक जिनिंगमध्ये रोजंदारीवर जाणारा.

चित्रं होती सतरा. कॅनव्हासला पैसे कुणाकडं आहेत? पाटीवाल्याकडं जुने फ्लेक्स पडलेले असतात. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, भावी आमदार, हात जोडलेले, वर साहेब, खाली कार्यकर्त्यांची तिकिटाएवढी मुंडकी. वाढदिवस सरला की तो फ्लेक्स कुणाच्या तरी गळक्या छपरावर जातो. ही पोरं त्याच फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीवर रंगवतात. रंगही पाट्यांचेच. डब्याच्या तळाला उरलेला ऑइलपेंट आणि थिनर. जिनिंगवाल्यानं ओल्या रंगात सरकी आणि तिथली धूळ चिकटवलेली. पोरीनं सगळा फ्लेक्स काळा केला आणि वाळत आला तसा खुरप्यानं खरवडला. आई निंदायला जाते, तिचंच खुरपं. डिप्लोमावाल्याचा एक मोठा गुलाबी तुकडा, वर कुठंकुठं पांढरं फुटलेलं. सतरांपैकी एकातही माणूस नाही, झाड नाही, बैल नाही, झोपडी नाही, सूर्य उगवत नाही. नुसता रंग.

सकाळी लावली. दुपारी बाराला कमिटीचे लोक आले. त्यातले एक काका, आमच्याच भावकीतले, एकेक चित्र बघत भिंतीच्या कडेकडेनं गेले आणि परत दारात आले.

"हे काय हाय गा?"

"चित्रं हायेत काका."

"कोनाची?"

पोरगी म्हणाली, "कोनाचीच नाहीत."

"मंग कायले लावली? जयंतीचे दिवस हायेत. बाबासायबाचा एक फोटू काढता नाही आला तुमाले? भीमा कोरेगाव काढा, महाडचं तळं काढा, काही त काढा. हे त कोनी रंग सांडवल्यावानी दिसते."

पाटीवाला तोंडाचा फटकळ. म्हणाला, "चेहराच पाह्यजे असंन त उलटा करा काका, मागच्या बाजूनं साहेब हायेत."

झालं. त्यावर जे व्हायचं ते झालं. पाच वाजेस्तोवर सतराच्या सतरा चित्रं उतरली, आणि मी ती गुंडाळून माझ्या घरी नेली. आमची माय म्हणे, यातलं एखादं वर टाकू का रे, मागच्या बाजूनं छप्पर गळते. मी नाही म्हटलं, पण तिचा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

आता काकांना कुणी अडाणी समजू नका. नामांतराच्या लढ्यात या माणसानं जवानीत लाठ्या खाल्ल्यात. १९७८ चा ठराव ते १९९४ चा नामविस्तार, सोळा वर्षं या माणसाची त्यात गेली. बाबासाहेबांचा चेहरा भिंतीवर लावायला काय लागतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. १९९७ च्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर उतरलेल्या आपल्या दहा माणसांना पोलिसांच्या गोळ्यांनी मारलं. ज्या समाजाला एका चेहऱ्यासाठी एवढं मोजावं लागलं, त्यानं कोऱ्या रंगाकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या तर मी हसणार नाही.

मला राग आला तो माझ्या एका दोस्ताचा. एम.ए. झालेला, चळवळीत माझ्याआधीपासूनचा. तो रात्री चहाच्या टपरीवर म्हणाला, काका बरोबर बोलले, अमूर्त चित्र ही शेठजी-भटजींच्या पोरांची चैन आहे. पोट भरल्यावरची ढेकर. दलित चित्रकारानं चित्रात भूक दाखवली पाहिजे, जळालेलं घर दाखवलं पाहिजे. शिवाय हा सगळा अमेरिकेचा माल आहे. मी तेव्हा पोरांच्या बाजूनं बोललो, पण मॅट्रिकच्या जोरावर एम.ए.शी कितीसं बोलता येतं! म्हणून इथं लिहितोय.

त्याचं अर्धं खरं आहे, आणि ते मी स्वतःच्या अंगावर घेतलेलं आहे. गोदीतून सुटलं की मी कधीकधी पायी काळाघोड्याकडं जातो. रेड गेटपासून ते काही लांब नाही. दोन वर्षांमागं तिकडच्या एका गॅलरीत अकरा चित्रकारांचं अमूर्त चित्रांचं प्रदर्शन होतं. नाव सांगत नाही, सगळीकडं तेच आहे. दारावरच्या वॉचमनदादानं मला बघून विचारलं, "डिलिव्हरी कुणाची?" मी म्हटलं, चित्रं बघायची आहेत. त्याला पटेना. तो बिचारा उत्तरेकडचा, आठ हजार मैलाचा प्रवास केल्यासारखा दमलेला, त्याला तरी काय बोलणार? आत एसी. भिंतीवर इंग्रजीत चिकटवलेला मजकूर, त्यातला मला लागला तेवढा अर्थ असा की ही चित्रं म्हणजे शांतता, शून्य आणि ध्यान. कुठल्याही चित्राखाली भाव नाही. भाव एका वेगळ्या कागदावर, तो कागद टेबलाच्या खणात, आणि खणापाशी एक बाई.

एका चित्रापुढं मी मात्र थांबलो. पाच फूट उंच असेल. तांबूस, तपकिरी, मध्येच निळ्याचे पोपडे आणि खालून ओघळ. मला ते लगेच ओळखू आलं. वीस वर्षं समुद्रावर फिरलेल्या कंटेनरची बाजू अशीच दिसते. आधीच्या कंपनीचा निळा, त्यावर दुसऱ्या कंपनीचा रंग, खाली रेड ऑक्साईडचा हात, आणि जिथं क्रेनच्या दोराचा घासा बसला तिथून फुटलेला गंज. मी दहा-पंधरा मिनिटं उभा होतो. बाई उठून आल्या. विचारलं, तुम्हाला काय दिसतं? मी म्हटलं, गंज. त्या हसल्या आणि टेबलाकडं गेल्या. त्यांना वाटलं मी चित्राला नावं ठेवली. मी तर कौतुक केलं होतं.

तर चित्रात खोट नव्हती. खोट दारात होती, भिंतीवरच्या मजकुरात होती आणि खणातल्या कागदावर होती. माझा दोस्त या चार गोष्टी एकाच पोत्यात कोंबतो आणि पोतं समुद्रात फेका म्हणतो. गोदीत असं केलं तर मुकादम घरी बसवेल. माल वेगळा, भाडं वेगळं, दलाली वेगळी.

दलालीचंच बघा. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, आपल्या नागपूरचा. १९४८ साली जे.जे.तून बाहेर पडले, पुढं दिल्लीत एका खोलीत राहिले, वर्षाला मोजकीच चित्रं केली. स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे. कशाचं तरी अमूर्त करायला आधी ती वस्तू असावी लागते, यांच्याकडं वस्तूच नाही. २००१ साली गेले. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. २०२५ च्या सप्टेंबरात १९७० सालचं एक चित्र ६७ कोटी ८ लाखांना. मी गोदीच्या हिशेबानं मांडून पाहिलं. दिवसाला सातशे रुपये धरा. तेवढे पैसे जमवायला मला ९ लाख ५८ हजार दिवस लागतील, म्हणजे एकही खाडा न पाडता २,६२५ वर्षं. सिद्धार्थ गौतम घर सोडून निघाले त्याच्याही आधीपासून मी लॅशिंगला उभा पाहिजे होतो, तेव्हा कुठं यंदा चित्र घरी आणलं असतं. आणि यातला एक पैसा गायतोंड्यांच्या हाताला लागला नाही, ते केव्हाच मातीत मिसळले होते. या लिलावाला जो चित्रकलेचा विजय म्हणतो तो दलाल आहे. पण या लिलावावरून जो चित्रकाराला लुटारू ठरवतो तोही हिशेबात कच्चा आहे.

अमेरिकेचा माल, हेही असंच. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानं शीतयुद्धात जगभर संस्कृतीच्या नावानं पैसा ओतला, हे १९६७ साली उघड्यावर आलं. खरं आहे. पण मग त्या रशियाचंही बोला ना. १९१५ च्या डिसेंबरात पेत्रोग्राद शहरात चित्रकारांनी मिळून एक प्रदर्शन भरवलं, त्यात मालेविच नावाच्या चित्रकारानं एक काळा चौकोन टांगला. नुसता काळा चौकोन. टांगला कुठं, तर खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या मध्ये. रशियन माणसाच्या घरात त्या कोपऱ्यात देव असतात. पुढं क्रांती झाली, आणि १९३४ पासून त्याच देशात सरकारी फर्मान निघालं की चित्रात कामगार दिसला पाहिजे, ट्रॅक्टर दिसला पाहिजे, आणि कामगार हसत असला पाहिजे. मालेविच १९३५ साली मेला तेव्हा त्याची अंत्ययात्रा ज्या गाडीतून निघाली तिच्या तोंडावर लोकांनी काळा चौकोन लावला होता. चित्रात काय काढायचं ते कमिटी सांगायला लागली की काय होतं, हे बघायला फार लांब जायला नको.

देवाच्या कोपऱ्याची गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या आजीचं घर आठवलं. आजोबा १९५६ साली नागपूरहून आले आणि त्यांनी घरातले देव उचलून नदीत सोडले, हे आमच्याकडं प्रत्येक घरात सांगतात, तुमच्याकडंही सांगत असतील. आजी त्यात एक गोष्ट जास्तीची सांगायची. चुलीच्या धुरानं भिंत काळी झालेली, आणि देवांचा पाट जिथं टेकला होता तिथं भिंतीवर एक उजळ चौकोन राहिला. आजोबांना फोटो आणायला चार-सहा महिने लागले. तेवढे दिवस घरात पूजेला काही नव्हतं, समोर फक्त तो चौकोन होता. आजी म्हणायची, "तवा मले लय भेव वाटे. मंग काही वाटेनासं झालं." त्या चार-सहा महिन्यांबद्दल आपण कधी कविता लिहिली? मी नाही लिहिली. पोरीचं खरवडलेलं काळं चित्र बघितलं तेव्हा पहिल्यांदा ते डोक्यात आलं.

आता मुख्य माणसाकडं येतो. बुलढाण्याला लागून अकोला. तिथं १९२२ साली एक माणूस जन्मला. १९५२ साली जे.जे.तून शिकून निघाला. हातमागाच्या विणकर सेवा केंद्रात काही वर्षं नोकरी केली. १९६२ च्या ऑगस्टात गुजरातेत भावनगरला बारा कलावंत एका घरात जमले, त्यात हा होता. घराचा नंबर १८९०, म्हणून गटाचं नाव ग्रुप १८९०. स्वामिनाथन, हिंमत शाह, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट अशी पुढं मोठी झालेली माणसं त्यात. जेराम पटेल होते, ते प्लायवूडवर ब्लोलॅम्प फिरवून लाकूड जाळायचे आणि तेच त्यांचं चित्र. मला हा माणूस फार आवडतो, गोदीत वेल्डिंगला शोभला असता. १९६३ च्या ऑक्टोबरात दिल्लीला रवींद्र भवनात त्यांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला पंडित नेहरू, कॅटलॉगला प्रस्तावना मेक्सिकोचे राजदूत आणि कवी ओक्तावियो पाझ यांची. सगळेच काही अमूर्त काढत नव्हते. पण अकोल्याचा हा माणूस काढत होता, आणि शेवटपर्यंत त्यानं दुसरं काही काढलं नाही. त्याच्या चित्रात रंग सरपटतो, वळतो, एकमेकांवर चढतो, पुरात गाळ वळतो तसा. १९७२ साली तो नॉर्वेला गेला आणि २०१२ साली ओस्लोत वारला.

जगाला तो अंबादास म्हणून ठाऊक आहे. नुसता अंबादास. हुसेन, रझा, सूझा, गायतोंडे, सगळे आडनावानं ओळखले जातात. हा एकटा नावानं. आडनाव खोब्रागडे.

बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे झाले, तांदळाचं एचएमटी वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे झाले. हे आडनाव ऐकल्यावर विदर्भात पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. अंबादासांच्या नावापुढून ते कसं गळालं याचा अर्थ मी लावत बसत नाही. मी एवढंच बघतो की अमूर्त चित्रावरच्या जाड इंग्रजी पुस्तकांत ते अंबादास म्हणून सापडतात आणि आपल्या व्यासपीठांवर ते सापडतच नाहीत. कवींची यादी आपल्याला पाठ. गायकांची पाठ. बुलढाण्यातल्या किती पोरांना माहीत आहे की शेजारच्या जिल्ह्यातला आपला माणूस १९६३ साली नेहरूंसमोर आपली चित्रं लावून उभा होता, आणि त्यातल्या एकाही चित्रात त्यानं कुणापुढं हात पसरलेला नव्हता? तिकडच्यांनी आडनाव वगळून त्यांना घेतलं. आपण चित्र कळत नाही म्हणून आडनावासकट सोडून दिलं.

माझा दोस्त म्हणेल, ते नॉर्वेला गेले, आपल्याला काय त्यांचं? मग समुद्रापलीकडचा दुसरा माणूस घे. नॉर्मन लुईस. १९०९ चा जन्म, न्यूयॉर्कच्या हार्लेमचा, काळा. तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी. दुसऱ्या महायुद्धात जहाजं बांधायच्या यार्डात कामाला. म्हणजे आमच्याच बिरादरीतला. मंदीच्या काळात त्यानं भुकेलेली माणसं काढली, घरातून सामानासकट बाहेर फेकलेलं कुटुंब काढलं. अगदी माझ्या दोस्ताला पाहिजे तशी. आणि १९४० नंतर त्यानं ते हळूहळू सोडलं. त्याचं म्हणणं असं झालं की निषेध करायचा तर रस्त्यावर उतरून करावा, चित्रावर तेवढं ओझं टाकू नये. आणि तो उतरलाही. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं हार्लेमवर प्रदर्शन भरवलं आणि हार्लेमच्या चित्रकारांनाच बाहेर ठेवलं, तेव्हा बाहेर पाट्या घेऊन उभे राहिलेल्यांत साठीला आलेला लुईस होता.

१९६३ च्या जुलैत, म्हणजे ग्रुप १८९० च्या प्रदर्शनाच्या तीनच महिने आधी, लुईस आणि त्याच्यासारख्या काळ्या चित्रकारांनी स्पायरल नावाचा गट काढला. त्यांच्यात हीच भांडणं. काळ्या माणसानं काय काढावं? आपला चेहराच काढावा का? १९६५ साली त्यांनी एक प्रदर्शन भरवलं, त्यात अट एकच, रंग फक्त काळा आणि पांढरा. लुईसचं १९६० सालचं एक चित्र मी मोबाईलवर पाहिलंय. काळ्यात उभा एक पांढरा आकार, खाली रुंद, वर निमुळता, मध्ये डोळ्यांच्या खोबणींसारखं काहीतरी. माणूस नाही तो. पण बघितलं की कळतं, ही कू क्लक्स क्लानची टोपी आहे. ज्याच्या दारावर रात्री ती टोपी आली असेल त्याला भिंतीवरचा मजकूर वाचायची गरज नाही. मित्रा, आपण आपल्या चळवळीचं नाव त्यांच्याकडून घेतलं. भांडण घेतलं नाही, ते राहून गेलं.

याचा अर्थ चेहरे काढू नका असा कुणी घेतला तर त्यानं हा लेख फाडून टाकावा. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेली माणसं काढली, देवदासी काढल्या, मनू काढला. ती चित्रं बघून घशात अन्न उतरत नाही आणि उतरू नयेच. मला तीही पाहिजेत. माझी तक्रार वेगळी आहे. वरच्या जातीचा चित्रकार रंगाचा एक पट्टा मारतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की यात तुझा समाज कुठं आहे. त्याला बिनचेहऱ्याचं राहायची सवलत जन्मानं मिळालेली आहे. त्याचं ते 'शुद्ध' चित्र. शुद्ध हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात, कारण या देशात शुद्ध म्हणजे कोण आणि कुणाला वगळून, हे आपल्याला पाठ आहे. आपल्या पोरीनं तोच पट्टा मारला की तिकडचे म्हणतात, तुझी जखम दाखव, नाहीतर आम्ही घेऊ कशाला? आणि इकडचे म्हणतात, आपली जखम दाखव, नाहीतर हॉल देणार नाही. दोन्हीकडं जातीचा दाखला जोडायचा. तहसीलमध्ये जोडतो तेवढा पुरे नाही का?

कळत नाही, हा शेवटचा मुद्दा. काय कळत नाही? २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. लॉकडाऊन होता, तरी अख्ख्या जिल्ह्याच्या मोबाईलवर तो गुलाबी रंग फिरत होता. खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळं झालं हे संशोधकांनी मागून सांगितलं, पण लोक त्याआधीच बघत होते. कुणी विचारलं नाही की हे कुणाचं चित्र. डिप्लोमावाल्याचा गुलाबी फ्लेक्स तोच आहे. पण त्यानं खाली 'लोणार' लिहिलं नाही, आणि मी त्याला म्हटलं बरं केलंस. गोदीत तर आमचे दरवाजेच रंगाचे. रेड गेट, ग्रीन गेट, येलो गेट, ब्लू गेट. अक्षर न येणारा माणूसही कधी चुकीच्या गेटला गेलेला मी पाहिला नाही.

आजी भिंत पोतारायची. पांढरी माती कालवून, चिंधीचं पोतेरं, हात खांद्यापासून फिरवायची, आणि वाळल्यावर त्या अर्धगोल लाटा भिंतभर दिसायच्या. खाली गेरूचा पट्टा. तो गेरू, गोदीतलं रेड ऑक्साईड आणि कंटेनरचा गंज, तिन्ही एकाच लोखंडाची लेकरं आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांतला तांबडाही असाच, मातीतला. बुलढाणा शहर ज्या डोंगरावर बसलंय तो अजिंठ्याचाच डोंगर आहे. आणि तैलरंगात रंग धरून ठेवतं ते तेल कशाचं असतं ठाऊक आहे? जवसाचं. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीवर घेतो त्याचं. भारी कॅनव्हास लिननचा, तोही जवसाच्याच जातीच्या झाडाचा धागा. साधा कॅनव्हास कापसाचा. चित्रातला माणूस, झाड, देव, राजा सगळं काढून टाकलं तर मागं काय राहतं? कापूस, जवस, माती आणि हाताची ओढ. हे राहिलेलं कुणाच्या बापाचं आहे? मला गॅलरीतल्या त्या बाईंना हे सांगायचं होतं, पण तेव्हा सुचलं नाही आणि इंग्रजीत तर नाहीच.

सतराही चित्रं चांगली आहेत असं मी म्हणत नाही. पाटीवाल्याची पाच आहेत, त्यातली तीन नुसती चमकतात. ट्रकच्या मागं शोभतील. जिनिंगवाल्याला सरकीचा नाद लागलाय, सगळीकडं तेच. पोरीची दोन मात्र मला झोपू देत नाहीत. हे मी त्यांनाही सांगितलं. कवितेवर आपण एकमेकांना फाडून खातो, चित्रावर का नाही? पण फाडायला आधी भिंतीवर लावलेली तर पाहिजेत.

काकांना मी मुंबईला आल्यावर फोन केला. अर्धा तास बोललो. हॉल देणार नाही म्हणाले, जयंतीच्या आठवड्यात तर नाहीच, एरवीचं कमिटीला विचारावं लागेल. मी म्हटलं विचारा. मग म्हणाले, त्या पोरीनं खुरप्यानं काहून खरवडलं? मी म्हटलं, तिलाच विचारा, गावातच राहते. विचारलं की नाही ते कळलं नाही.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी चित्रं पाटीवाल्याच्या दुकानासमोर उघड्यावर लागणार आहेत, सकाळी दहापासून अंधार पडेस्तोवर. पाच-सहा नवी असतील. मी खाडा पाडून जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी मेहकरला उतरावं, बसस्टँडवर कुणी ना कुणी घ्यायला येईल. माझा एम.ए. दोस्तही येतो म्हणालाय, भांडायला. येताना शक्य असेल त्यानं दोन-दोन लिटर थिनर घेऊन यावं, तालुक्यात महाग पडतं.